बाची सही

"धर्म?" तहसील कचेरीतल्या अण्णासाहेबांनी मान वर न करता विचारलं, आणि मी म्हणालो, "हिंदू."

एवढंच झालं. त्यांनी पेन झटकलं, लिहिलं आणि ते पुढच्या रकान्यावर गेले. वर पंखा फिरत होता, खिडकीशी कोणी तरी विडी ओढत होतं, कुठे काही पडलं नाही, फुटलं नाही. मी मात्र टेबलाची कड धरून उभा राहिलो. जालन्याहून परतूरला येताना गाडीत सगळा वेळ मी याच एका शब्दाची तयारी करत आलो होतो. वाटलं होतं, तो घशात अडकेल. मी खाकरेन, इकडेतिकडे पाहीन, शाळेच्या दाखल्यावर आहे तसं लिहा साहेब, असं काही तरी आडून बोलेन आणि निदान स्वतःपुरती थोडी लाज शिल्लक ठेवीन. तसं काही झालं नाही. शिंक यावी तसा शब्द आला. चार दिवसांपूर्वी भीमजयंतीला जालन्यात मिरवणुकीच्या पुढे चालून मी घसा बसेपर्यंत ओरडलो होतो. तो घसा अजून पुरता सुटला नव्हता; अण्णासाहेबांनी अर्जासाठी माझं पूर्ण नाव विचारलं तेव्हा ते घोगरं निघालं होतं. आणि हा एवढा एक शब्द कसा स्वच्छ, खणखणीत आला. तो कधीपासून तिथे तयार बसला होता, मला ठाऊक नाही.

खिशात मध्य प्रदेशातल्या एका पोलाद कारखान्याचं पत्र होतं. फिटरची जागा, कायम, राहायला क्वार्टर. जागा राखीव, म्हणून महिनाअखेर जातीचा दाखला दाखल करावा, नाही तर निवड रद्द समजावी, असं खाली टाइप केलेलं. जूनमध्ये मला सव्विसावं लागणार होतं आणि सव्विसाव्याला तिथे वय संपत होतं. म्हणजे ही जागा गेली की माझ्या आयुष्यातून ती गेलीच. आणि तो दाखला बौद्धाला मिळत नव्हता. यात कोणाची लबाडी नव्हती, कायदाच तसा होता. आपल्या राज्यात बौद्ध म्हटलं तरी फी माफ व्हायची, वसतिगृह मिळायचं, राज्याच्या नोकरीत माणूस बसायचा. दिल्लीच्या यादीत मात्र हिंदू राहिलेलाच महार होता; धर्म बदलला त्याचं नाव यादीतून उडालं. कारखाना दिल्लीच्या सरकारचा. अण्णासाहेबांनी मला हे पहिल्याच खेपेला समजावून सांगितलं होतं, अगदी घरच्या माणसासारखं. "हे बघ पैठणे, तुमचं बौद्धपन महाराष्ट्राच्या हद्दीपर्यंत. नागपूरच्या म्होरं गाडी गेली की ते चालत न्हाई." मी हसलो होतो. मला वाटतं, मी त्यांना बरं वाटावं म्हणून हसलो होतो.

त्यांनी माझा शाळा सोडल्याचा दाखला उजेडात धरला. "हिंदू महार. दाखल जून पंचावन्न. बराबर हाय." मग त्यांनी उठून मागच्या कपाटातून दुसरी वही काढली, थुंकी लावून पानं उलटली आणि एका ओळीवर बोट ठेवलं. "बेबीनंदा कडूबा पैठणे. ही कोन तुझी?" बहीण, म्हटलं. "दोन सालामागं इथूनच दाखला गेलाय तिचा. बौद्ध. आता सांग, एक बाप आन् दोन धर्म? वर कोनी तपासलं तर माझं काय व्हायचं ते होऊ दे, पर तू तिथून परत येशील. नोकरी लागून परत आलेला मानूस बघवत न्हाई." म्हणून त्यांनी मार्ग काढला. बापाचं प्रतिज्ञापत्र. साध्या कागदावर चालेल, सोमवारी आणून दे, मी शिक्का मारतो. त्यांनी मजकूर सांगितला आणि मी माझ्या हातानं लिहून घेतला. माझं अक्षर चांगलं आहे. मी कडूबा लिंबाजी पैठणे लिहून देतो की, माझा मुलगा संपत हा हिंदू महार जातीचा असून आमच्या कुटुंबाने धर्मांतर केलेले नाही. शेवटच्या शब्दापाशी शाई थोडी पसरली, तर मी टीपकागद मागून घेतला आणि नीट टिपली. "वडील सही करतेत का? न्हाई तर अंगठा चालंल," अण्णासाहेब म्हणाले. "सही करतात," मी म्हणालो, आणि त्या क्षणीसुद्धा मला अभिमान वाटला. काय माणूस आहे मी.

आष्टीची बस उभीच होती. मागच्या बाकावर जागा मिळाली, शेजारी कोंबड्यांची पाटी. कागदाला चुरगळा पडू नये म्हणून मी तो बनियनच्या आत पोटाशी ठेवला होता, आणि घाम आला की भीती वाटायची की शाई उतरेल, आणि मग वाटायचं, उतरली तर बरं. चार दिवसांची रजा घेताना बजरंगलाल शेठजींनाही सांगितलं होतं की बाहेरच्या राज्यात काम लागतंय. त्यांच्या जिनिंगमध्ये मी हंगामापुरता फिटर. कार्तिकात यंत्रं सुरू झाली की नाकाकानात कापूस घेऊन बारा बारा तास रूळ बदलायचे, चैत्रात कपाशी संपली की घरी बसायचं. शेठजी वाईट माणूस नाही. पेढीवर बसल्या बसल्या त्यांनी मला चहा पाजला आणि म्हणाले, "जा बेटा, बिलकुल जा. आमचे दादाजी बी असेच निघाले होते देसातून. मानूस हलला पाहिजे. आज इथं सत्तर साल झाले, पर बघ, देव संगं आनले, नाव संगं आनलं, घरात बोली बी तीच. जाताना काय सोडावं लागतंय मानसाला?" मी म्हटलं, काही नाही शेठजी. ते खरंच बोलत होते. राजस्थानातून जालन्यापर्यंत त्यांच्या आजोबांना कोणी रस्त्यात थांबवून विचारलं नव्हतं, की तुम्ही कोण, आणि आहात ते कधीपासून. मला चहा गोड लागला नाही. त्यांच्या देवघरात घंटा वाजत होती आणि मला उगाचच आमच्या घरातला रिकामा कोनाडा आठवला.

त्या कोनाड्यात एकेकाळी टाक होते. मी सात वर्षांचा असताना, बौद्ध धर्माची दीक्षा घेतल्यावर, बाने ते टोपलीत घातले, मरीआईचा शेंदरी दगड वर ठेवला आणि दिवसाउजेडी, सगळ्या गावासमोरून टोपली डोक्यावर घेऊन नदीच्या डोहात नेऊन सोडली. रात्री गुपचूप नाही, हे तो पुढे आयुष्यभर सांगत राहिला. त्याच आठवड्यात पाटलाचा बैल मेला, आणि तो ओढायला बा गेला नाही. मग जे व्हायचं ते झालं. गिरणीत दळण घेईनात, शेतावर बोलवीनात, विहिरीवर आधीही नव्हतंच. पण गाव मारहाणीला उठलं नाही. गाव वाट पाहत बसलं. देव बुडवलेत, आता बघा, असं प्रत्येकाच्या तोंडावर लिहिलेलं असायचं. आणि पुढच्या उन्हाळ्यात माझा धाकटा भाऊ वसंता तापानं आजारी पडला. दोन वर्षांचा होता. त्याच्या पायात माय काळा दोरा बांधायची, तोही बाने काढून टाकला होता. चौथ्या दिवशी मायने बाचे पाय धरले, मरीआईला एक नारळ ठेवू द्या म्हणाली, कोणाला कळणार नाही. बा म्हणाला, मला कळंल. त्याने वसंताला खांद्यावर टाकलं आणि तो दवाखान्यासाठी परतूरकडे चालत निघाला. बैलगाडी कोणी दिली नाही. आष्टीच्या अलीकडेच, बाभळीच्या झाडाखाली, त्याला कळलं की खांद्यावरचं ओझं वेगळं झालंय. परत आला तेव्हा गावच्या पारावर सगळे बसलेले होते आणि कोणी काही बोललं नाही. तेच मला आठवतं. कोणी काही बोललं नाही आणि सगळ्यांचं समाधान झालेलं होतं.

त्याच वर्षी भिवाकाका बायकापोरं घेऊन खानदेशात वीटभट्टीवर निघून गेला. बाला म्हणाला, चल, हितं काय ठिवलंय. बा म्हणाला, "आपन गेलो तर म्हनतील, देव बुडवले आन् मंग भिऊन पळाले. मला पळायचं न्हाई." एवढ्यासाठी आम्ही राहिलो. लोक गाव का सोडतात आणि का सोडत नाहीत, याची कारणं कोणी विचारली तर मी सांगेन की माझा बाप फक्त गावाला बघत ठेवायला राहिला. शेत नव्हतं, घर म्हणजे चार पत्रे. बहात्तरच्या दुष्काळात सरकारी रस्त्यावर सगळ्या गावाबरोबर त्यानेही खडी फोडली, आणि तिथे एकदा पाटलाचा मुलगा त्याच्या शेजारी बसून खडी फोडत होता, हे तो फार आनंदानं सांगायचा. राहिलो म्हणून हे दिसलं, म्हणायचा. मला त्याच्या त्या आनंदाचा राग यायचा. एवढं सगळं गमावून माणसानं एवढ्याशा गोष्टीत खूश व्हावं, याचा राग. मी ठरवलं होतं, मी राहणार नाही. माझं या गावाकडून काही येणं राहिलेलं नाही. मला क्वार्टर पाहिजे, नळ पाहिजे, आणि नळावर शेजारी कोण उभं आहे ते मला ठाऊक नसलं पाहिजे.

आणि तरी पोटाशी कागद होता. बसला धक्के बसत होते. त्यातली सगळ्यात वाईट गोष्ट अजून मी कोणालाच सांगितलेली नव्हती. दीक्षा घेतल्यावर बा मला घेऊन शाळेत गेला होता. डोक्यावर धुतलेला पांढरा रुमाल, माझा हात घट्ट धरलेला. गुरुजींना म्हणाला, पोराच्या नावापुढचं बदला, आता बौद्ध लिवा. गुरुजींनी मोठं रजिस्टर काढलं, खाली वाकून काही तरी खरडलं आणि रजिस्टर फिरवून बापुढे केलं. एका जागी बोट ठेवलं. "हे बघ कडूबा, लिवलं." बा त्या जागेकडे कितीतरी वेळ बघत राहिला. त्याला तेव्हा अक्षर येत नव्हतं. त्याने गुरुजींच्या बोटाशेजारी स्वतःचं बोट ठेवलं आणि हळूच फिरवलं, लेकराच्या गालावरून फिरवावं तसं. घरी येताना त्याने मला शेंगदाणे घेऊन दिले. सातवी पास होऊन मी शाळा सोडली तेव्हा दाखला हातात पडला आणि मी वाचला. हिंदू महार. गुरुजींनी त्या दिवशी काय खरडलं होतं, देव जाणे. मी घरी सांगितलं नाही. पहिल्यांदा बाला काय वाटेल म्हणून, मग गुरुजींशी तो भांडेल म्हणून, आणि पुढे जिनिंगमधल्या कोणी तरी सांगितलं की हाच दाखला कामाला येतो, जपून ठेव, तेव्हा त्या कारणानं. बेबी दीक्षेनंतर जन्मली. तिच्या वेळी बा स्वतः वाचायला शिकलेला होता. शाळेआधी घरीच, तिच्या पाटीवर, तो तिच्याबरोबर बाराखडी शिकला, आणि तिचं नाव शाळेत घातलं तेव्हा प्रत्येक रकाना वाचून घेतला. म्हणून ती बौद्ध. त्याच्या अडाणीपणामुळे मी कागदावर हिंदू राहिलो होतो, आणि आता त्यावरच नोकरी मिळवणार होतो.

आष्टीपासून पाऊण तास चालावं लागतं. चालता चालता मी सगळं योजलं. बा हल्ली लांबचं बघतो, जवळचं त्याला अंधुक दिसतं. दिवेलागणीच्या जरा आधी कागद पुढे करायचा, घाईत. दोन तीन कागद एकत्र करायचे, वर कारखान्याचं इंग्रजी पत्र ठेवायचं. हितं कर, आन् हितं कर, सोमवारी द्यायचं हाय, जल्दी. माझ्यावर त्याचा विश्वास होता. गुरुजींवरही होता. हा विचार आला तेव्हा मी रस्त्यात थांबलो. बांधावर बसलो. दुपार कलली होती, लांब पळसाची झाडं, कुणाचं तरी मोकळं जनावर. आपण एकाच माणसाला दुसऱ्यांदा तसंच फसवायला निघालोय, एवढं मला स्वच्छ दिसलं, आणि तरी मी उठलो आणि चालू लागलो. मला रडायला येत होतं, पण पाय चालत होते. पाय थांबावेत असं मनापासून वाटत होतं, हे खरं आहे. ते थांबले नाहीत, हेही खरं आहे.

वस्तीत जयंतीच्या निळ्या पताका अजून लोंबत होत्या, कडा उन्हानं पांढऱ्या झालेल्या. मायने पाणी दिलं, डोळे भरून पाहिलं, आणि वाळलास म्हणाली. बेबी चुलीपाशी भाकरी थापत होती. अठराची झाली, मॅट्रिक होऊन दोन वर्षं घरी आहे, माझ्यापेक्षा हुशार. "दादा, जाऊन राह्यलास ना?" ती म्हणाली. "मला बी बघ की तिथं काही. दवाखान्यात, शाळेत, काही बी." मी बघतो म्हणालो. तिच्या दाखल्यावर काय आहे ते तिला ठाऊक होतं. त्याचा अर्थ काय ते ठाऊक नव्हता. बा बाहेरून आला, हातपाय धुतले, बाबासाहेबांच्या फोटोपुढे क्षणभर उभा राहिला आणि मग माझ्याजवळ बसला. कारखान्याच्या पत्रावरून त्याने हात फिरवला. "विंग्रजी हाय," म्हणाला, आणि खूश झाला. मी लगेच खालचा कागद पुढे सरकवला. "बा, हितं सही कर. वडलांची लागती. उद्या पहाटं बस हाय, मला सोमवारी देऊन टाकायचं हाय." मी बेबीच्या पेनाचं टोपण काढून त्याच्या हातात दिलं. त्याने पेन कानावर खोचलं आणि कागद घेऊन दाराकडे सरकला, उजेडात. "थांब की," म्हणाला. "वाचून तर बघू दे, माज्या पोरानं काय लिवलंय."

तो बोट ठेवून वाचतो. मोठ्यानं, एकेक अक्षर जोडत. आपलं नाव त्याने झरझर वाचलं, कडूबा लिंबाजी पैठणे, आणि मायकडे बघून हसला. "लिहून... देतो... की. माझा... मुलगा... संपत... हा..." मग बोट थांबलं. ते मागे गेलं, पुन्हा ओळीच्या सुरुवातीला, पुन्हा त्याच शब्दाशी आलं. माझी खात्री आहे, त्याला वाटलं आपणच चुकतोय. त्याने डोळे चोळले. "बेबे," तो म्हणाला, "हे काय अक्षर हाय गं? मला हिंदू दिसून राह्यलं." बेबी पिठाच्या हातानं उठून आली, त्याच्या खांद्यावरून वाकली आणि तिने सगळाच कागद मनात वाचून टाकला. मग माझ्याकडे पाहिलं. "तू बराबर वाचलंस, बा," ती म्हणाली. बाने मान हलवली आणि पुढे वाचू लागला. मी म्हटलं, राहू दे बा. तो थांबला नाही. आमच्या. कुटुंबाने. धर्मांतर. केलेले. नाही. वाचून झाल्यावरही त्याचं बोट त्या शेवटच्या शब्दावर होतं.

चुलीवरची भाकरी करपायला लागली आणि तिचा वास सगळ्यांना आला, पण कोणी उठलं नाही. मग माय बोलली. तिला वाचता येत नाही, तिने नुसतं ऐकलं होतं. अगदी साध्या आवाजात, हरवलेलं काही विचारावं तसं तिने विचारलं. "मंग वसंता कशानं गेला?"

मी भडाभडा बोलायला लागलो. दिल्लीची यादी, राज्याची हद्द, अण्णासाहेब, वय, जून महिना. म्हटलं, नुसता कागद हाय बा, कागदानं काय होतं. म्हटलं, तिथं गेलो की मी काय, घरात फोटो लावीनच की. माझाच आवाज मला ऐकू येत होता आणि तो घोगरा नव्हता. बा सगळं ऐकून घेत होता. शेवटी म्हणाला, "पर तुज्या शाळेच्या दाखल्यावर तर बौद्ध हाय की. गुरुजीनं माज्यासमोर लिवलं." मी म्हणालो, "न्हाई लिवलं, बा." "अरं, बोट ठिवून दाखवलं मला." "तवा तुला वाचता येत न्हव्हतं."

बा माझ्याकडे बघत राहिला. रागानं नाही. तो त्या रजिस्टरकडे बघत राहिला होता तसाच. मग म्हणाला, "तवा येत न्हव्हतं. बराबर हाय." थोड्या वेळानं, "तुला कवापासून ठाव हाय?" मी म्हटलं, सातवीपासून. त्याने बोटांवर काही मोजायला सुरुवात केली आणि मध्येच सोडून दिलं. बेबी तिथेच उभी होती. "म्हंजी मला कुटं जाता येनार न्हाई," ती म्हणाली, विचारलं नाही तिने. "माज्या कागदावर बौद्ध हाय." मी कागद बाच्या हातातून घेतला. "फाडतो मी," म्हणालो. "न्हाई जायचं मला. हितंच करीन काही तरी." दोन्ही हातांत धरला कागद. माझे हात तसेच राहिले. एवढा पातळ कागद तो, चार बोटांची ताकद पुरे होती. मी बाला दिसावं म्हणून तो धरून बसलो होतो, फाडायला नाही, आणि हे त्याला कळलं, कारण त्याने हात पुढे करून कागद अलगद काढून घेतला, चुरगळू न देता. "जायचं हाय का तुला?" त्याने विचारलं. "खरं सांग."

"हो," मी म्हणालो. हेही लगेच आलं.

त्याने कानाचं पेन काढलं, आणि मला वाटलं तो सही करतोय. त्याची सही मला पाठ आहे. कडूबातला क तो फार मोठा काढतो, आणि बाचा काना ओढून झाला की खाली एक रेघ मारतो. औरंगाबादेत शिकणारा आमच्यातला एक पोरगा सुट्टीत वस्तीवर यायचा, त्याने दीक्षेनंतरच्या पहिल्या पावसाळ्यात ती त्याला शिकवली. त्या दिवसापासून बाने कशावरही अंगठा दिलेला नव्हता. दुष्काळात हजेरीपटावर सगळं गाव अंगठे लावायचं, पाटलाची म्हातारीसुद्धा, आणि बा पेन मागायचा. मुकादम वैतागायचा, रांग खोळंबायची, आणि बा तो मोठा क काढत बसायचा. आता त्याने पेन कागदाजवळ आणलं, पण निबाचं टोक कागदावर ठेवलं नाही. त्याने मागचा भाग पिळून सोडवला, तिरपा केला आणि शाई डाव्या अंगठ्यावर ओतली. ती बोटांवरून खाली मांडीवर गळाली. "बा, सही चालती," मी म्हणालो. "सही पायजे त्यांना."

"ह्या कागदावर जो कडूबा लिवलाय," बा म्हणाला, "त्याला वाचता येत न्हाई. त्याला बोट ठिवून काय बी दाखवा. त्याचा अंगठा घे. सही माजी हाय."

त्याने अंगठा टेकवला, नीट, एका बाजूनं दुसऱ्या बाजूला फिरवून, जसा लहानपणी त्याच्या बापानं सावकाराकडे किंवा चावडीत त्याला शिकवला असेल तसा. कागद माझ्याकडे दिला. मग तो उठून मागच्या अंगाला गेला, आणि राखेनं अंगठा घासल्याचा आवाज येत राहिला. माय जाऊन पाणी ओतत होती. शाई पक्की होती, बेबीच्या मॅट्रिकच्या पेनातली. जेवताना मी पाहिलं, नखाच्या कडेनं सगळं निळं राहिलं होतं. त्याने तो हात भाकरीला लावला नाही.

पहाटे तो मला सोडायला आष्टीपर्यंत आला. नको म्हटलं तरी आला. माझी पिशवी त्याच्या उजव्या हातात, डावा हात धोतराच्या सोग्यात. बाभळीच्या त्या झाडापाशी तो नेहमी थोडा हळू होतो, आजही झाला. कधी थांबत नाही. मी काही तरी बोलायला पाहिजे होतं. तिथे गेल्यावर पत्र टाकीन, बेबीसाठी बघीन, दिवाळीला येईन. मी म्हणालो, "ऊन व्हायच्या आत परत जा." तो म्हणाला, हो. बस भरलेली होती, आमच्याच गावचे चारपाच जण आत होते, पाटलाचा भुजंगही होता. मी खिडकीशी बसलो. बा खाली उभा राहिला आणि बस सुरू झाली तशी त्याने डावा हात वर केला. अंगठा आत घालून मूठ घट्ट मिटलेली होती. "जय भीम," तो म्हणाला, नेहमीसारखा, सगळ्यांना ऐकू जाईल असा.

मी तोंड उघडलं. भुजंग बघत होता, बाकीचे बघत होते, पोटाशी कागद होता, आणि माझ्या तोंडातून आवाज आला नाही. बा अजून मूठ वर धरून वाट बघत उभा होता. तो लहान होत गेला, मग धूळ आली. मी ते दोन शब्द म्हणालो तेव्हा आष्टी मागे पडली होती आणि कंडक्टर माझ्यापुढे उभा होता.

"काय म्हनला? कुटलं?" त्याने विचारलं.

"परतूर," मी म्हणालो. ते मात्र पटकन आलं.